बिनटाक्याचं अस्तर

गळा

"हे बटण मी परवाच सरकवलं होतं," आरशासमोर उभे राहून मास्तर म्हणाले. "आज पुन्हा लागत नाही. कापड आटतंय."

"धुतल्यावर आटतं हे ऐकलं होतं. हँगरवर लटकून आटणारं तुमचंच." बायकोच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे तिचे शब्द दातांच्या फटीतून वाट काढत येत होते.

"कापडच लबाड आहे हे. मी दुकानदाराला तेव्हाच म्हटलं होतं."

"आणि अजून किती सरकवणार? पुढं काठ आला. आता बटण हवेत लावा."

मास्तर शिंपी होते. शर्ट गळ्याला घट्ट झाला की शिंप्याच्या मनात आधी शर्ट येतो, गळा येत नाही. त्यांनी कॉलर उसवून पाहिली होती, आतलं कडक कापड बदललं होतं, बटण सरकवलं होतं, परत सरकवलं होतं. आपला गळाच वाढला असेल, ही शंका त्यांना शिवलीसुद्धा नव्हती.

"थांबा," असं म्हणून बायकोनं त्यांच्याच गळ्यातली टेप ओढून घेतली.

गळ्याचं माप घेताना टेपच्या आत दोन बोटं सरकवायची, ही मास्तरांची रीत. टेप बोटांना टेकली पाहिजे, गळ्याला नाही. तेवढी जागा माणसाला गिळायला, हसायला आणि भांडायला पुरते, असं ते गिऱ्हाइकांना सांगत. लग्नानंतर बायकोला त्यांनी शिकवलेली पहिली गोष्ट हीच. तिनं टेप फिरवली, डाव्या बाजूनं दोन बोटं आत घातली, आणि ती थांबली.

"किती भरला?"

तिनं मोकळ्या हातानं तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि पदराला टोचल्या. मग म्हणाली, "हे काय हलतंय?"

"काय हलतंय?"

"इथं. बोटाखाली. उंदराचं पिल्लू मुठीत धरल्यासारखं."

"नाडी असते तिथं. सगळ्यांना असते."

"मला नाही असली."

तिनं त्यांचा हात धरून स्वतःच्या गळ्याला लावला, मग त्यांच्या. मास्तर शिंप्याच्याच नजरेनं ताडत राहिले. तिची नाडी धावदोऱ्यासारखी होती, बारीक, शिस्तीत, एका अंतरानं चाललेली. त्यांची तशी नव्हती. जबड्याच्या खाली एक भरलेला खिसा होता आणि त्याच्या आत कुणीतरी मूठ उघडत होतं, मिटत होतं.

"कापड आटतंय म्हणे," बायको म्हणाली. आवाजात हसू नव्हतं.

कातरी

"उद्या दुकान उघडणार नाही," मास्तर काजवाल्याला म्हणाले.

काजवाला खिडकीजवळच्या कोपऱ्यात बसून काजं करायचा. मास्तर कोट शिवायचे, बायको हातशिलाई करायची, आणि बटणांसाठी जी भोकं लागतात तेवढीच काजवाला करायचा. त्यावर त्याचं घर चाललं होतं. "जगात सगळे भोकं बुजवतात, मी एकटाच पाडतो आणि वर पैसे घेतो," असं तो म्हणायचा. एकाच तोंडानं तो मास्तरांना 'मास्तर'ही म्हणायचा आणि 'तू'ही म्हणायचा.

"कुठं जाणार?"

"मोठ्या दवाखान्यात. गळ्याला गाठ आहे. धडधडते."

"बरं झालं. मीच सांगणार होतो."

"काय सांगणार होतास? तुला कुठं ठाऊक होती गाठ?"

"गाठ नाही. कातरी."

मास्तरांनी खाली पाहिलं. मोठी कातरी टेबलावर तिच्या जागी होती. ती खाली पडली होती तो दिवस त्यांनी आपल्या परीनं मिटवून टाकला होता. ते कोट बेतत होते, आणि उजवा हात एकाएकी दुसऱ्याच कुणाचा झाला. बाही रिकामी लोंबावी तसा लोंबला. कातरी जमिनीवर आपटली. काजवाल्यानं उठून ती उचलून दिली. काजवाल्याचं एक काज पुरं व्हायच्या आत हात परत आला होता, आणि मास्तरांनी जिथं थांबले होते तिथूनच कापड कापायला घेतलं होतं.

"हातातून वस्तू पडत नाही का कधी?"

"पडते. पण तू त्यावर काहीतरी बोललास. बहुतेक 'राहू दे, उचलतो' म्हणत होतास. तोंडातून नुसता भुसा निघाला."

"आणि तू गप्प बसलास."

"तू गप्प बसलास म्हणून." काजवाल्यानं दोरा दातानं तोडला. "आणि कोट कुणाचा बेतत होतास तेव्हा? माझा. म्हटलं, आता बोललो तर हा कापड गुंडाळून ठेवेल."

ते खरं होतं. उभा जन्म दुसऱ्यांच्या कोटांना काजं करणाऱ्या माणसाकडे स्वतःचा कोट नव्हता. या वर्षी मास्तरांनी हट्टानं कापड आणलं होतं. कोट आता भिंतीवरच्या खिळ्याला लटकत होता, बाह्या लागलेला, पण आतून उघडा. आतल्या शिवणी, कॅनव्हास, खडूच्या खुणा, सगळं दिसत होतं.

"अस्तर राहिलंय," काजवाला म्हणाला. "तोवर तू कुठं जायचं नाहीस. असला उघडावाघडा कोट घालून मी तुझ्या मागं रडत फिरणार नाही."

खिसा

डॉक्टरबाई वयानं मास्तरांच्या मुलीएवढ्या. टेबलावरच्या पडद्यावर त्यांनी मास्तरांच्या मानेचं चित्र लावलं. गळ्याच्या दोन्ही बाजूंनी दोन नळ्या डोक्याकडे गेल्या होत्या. उजवी सरळ होती. डावीला जबड्याखाली एक फुगीर पिशवी लागली होती.

"ही मेंदूला रक्त नेणारी मुख्य नळी. हिच्या भिंतीला चीर पडलीय. रक्त चिरेतून बाहेर आलं, पण आजूबाजूच्या मांसानं ते अडवून धरलं. म्हणून हा फुगा. याला आम्ही खोटा फुगा म्हणतो, कारण याला नळीची स्वतःची भिंत नाही."

मास्तर पुढं वाकले. "म्हणजे फाटक्या खिशातून नाणं अस्तरात जातं. जातं तर खरं, पण कोटाबाहेर पडत नाही."

"तसंच समजा. फक्त हे नाणं दर ठोक्याला मोठं होतंय." डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "मानेला मार लागला होता का? गेल्या काही महिन्यांत?"

"नाही."

"जिन्याच्या कठड्यावर आपटले होते," बायको म्हणाली.

"हो. कठडा," मास्तर म्हणाले.

बायकोनं त्यांच्याकडं पाहिलं. मग डॉक्टरबाईंकडं. मग पुन्हा त्यांच्याकडं. "जुनी टेप कुठंय तुमची?"

"आता टेपचं काय मध्येच?"

"पांढरी होती. त्या आठवड्यापासून पिवळी आली. मी विचारलं तर म्हणालात तुटली. टेप तुटते? तुमच्या गुरूची टेप अजून कपाटात आहे, ती तुटली नाही."

डॉक्टरबाईंनी मानेनंच 'चालू द्या' म्हटलं.

उसवण

तर झालं होतं असं.

दुकानात मास्तरांचा एकच कायदा होता. मोटरच्या मशीनवर वाकायचं असेल तर आधी टेप गळ्यातून काढायची. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी तो ऐकवला होता. एकाला तर टेप गळ्यात ठेवून मशीनचा पट्टा बघायला वाकला म्हणून घरी पाठवलं होतं.

त्या दिवशी दुकानात कुणी नव्हतं. पट्टा करकरत होता. मास्तर मोटर चालू ठेवून वाकले. टेपचं टोक पट्ट्याखाली गेलं, चाकानं ते आवडीनं ओढून घेतलं, आणि मास्तरांची मान मशीनच्या लोखंडी डोक्यावर डाव्या बाजूनं आपटली. टेपनं गळा आवळला. उजव्या हाताला कातरी सापडली म्हणून बरं. त्यांनी टेप कापली, मोटर बंद केली, आणि पहिली गोष्ट केली ती ही, की कुणी पाहिलं का म्हणून दारातून डोकावले.

टेपचे तुकडे त्यांनी चिंध्यांत खोल कोंबले आणि घरी जाताना पिवळी टेप विकत घेतली.

खिसा, पुढं चालू

"इतकंच ना?" बायको म्हणाली. "मला वाटलं भांडलात कुणाशी."

"लाज वाटली."

"कुणाची?"

"माझीच. मीच मला घरी पाठवलं असतं."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत, त्यामुळे मास्तरांना त्या आवडल्या. डॉक्टरबाईंनी खुर्ची पुढं ओढली आणि समजावलं. फुगा तसाच ठेवला तर एक दिवस फुटेल. किंवा त्यात साकळलेल्या रक्ताचा कण सुटून मेंदूत जाईल. तसा एक बारीकसा बहुतेक गेलाच होता, कातरी पडली तेव्हा. गळा चिरून दुरुस्ती करावी तर जागा जबड्याच्या आड, अवघड. नळी बांधून टाकावी तर दुसऱ्या बाजूचं रक्त पुरेल याची खात्री नाही.

"म्हणून आतून जायचं. मांडीच्या वरच्या धमनीतून एक बारीक नळी वर गळ्यापर्यंत न्यायची. तिच्यातून आवरण चढवलेली जाळी चिरेवर नेऊन उघडायची. रक्त जाळीच्या आतून सरळ जाईल, फुग्याचं तोंड बंद होईल."

"म्हणजे आतून अस्तर."

"हो. अस्तर."

"आणि धोका?"

"डाव्या बाजूच्या मेंदूत तुमचं बोलणं आहे आणि तुमचा उजवा हात आहे. करताना तिथलं रक्त थोडं अडलं, किंवा कण सुटला, तर त्यातलं काहीतरी जाऊ शकतं. बहुतेकांचं जात नाही. पण तुम्हाला सांगितल्याशिवाय मी करणार नाही."

मास्तरांनी उजवा हात टेबलावर ठेवला आणि त्याकडं पाहत राहिले, गिऱ्हाईक दुरुस्तीहून परत आलेल्या कपड्याकडं बघतं तसं. मग त्यांनी विचारलं, "टाके किती?"

"आत? एकही नाही."

"नाही?"

"नाही."

मास्तरांना हे धोक्यापेक्षाही जास्त लागलं.

कापड

कापड कसलं?

ते उभ्या-आडव्या धाग्याचं की विणलेलं?

दोन्ही नाही तर मग कापड कसं म्हणायचं?

डॉक्टरबाईंनी खणातून एक नमुना काढून मास्तरांच्या हातावर ठेवला. मुदत संपलेला होता, पेशंटना दाखवायला ठेवलेला. बोरूएवढी पांढरी नळी. आत धातूची नागमोडी जाळी, तिला चिकटून एक पातळ पडदा. मास्तरांनी तो दोन बोटांत धरून चुरगळला, कानाशी नेला, उजेडासमोर धरला. वासही घेतला. बायकोनं त्यांना कोपर मारलं.

याला काठ कुठंय?

काठ नाही तर धाग्यांच्या दशा सुटत नाहीत?

विणलेलं नाही, ताणलेलं आहे म्हणता, तर ताणून ताणून असं झालंय का? पापड लाटतात तसं? आणि ताणल्यावर भोकं पडतात ती इतकी बारीक, की रक्तसुद्धा जात नाही? मग ती भोकं आहेत हे कळलं कुणाला?

डॉक्टरबाईंनी जमतील तेवढी उत्तरं दिली. काही ठिकाणी त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "हे बनवणाऱ्यांनाच विचारावं लागेल."

टाका नाही, डिंक नाही, तर ते तिथं धरून कशानं राहतं?

"ताणानं. मिटवून आत नेतो, तिथं उघडतो. ते सतत बाहेरच्या बाजूला रेटत राहतं. नळीची भिंत त्याला आत रेटते. दोघांचं भांडण चालू राहतं, म्हणून ते जागेवर राहतं."

"आमच्यासारखं," बायको म्हणाली.

आणि सरकत नाही?

"सहसा नाही."

नमुना परत द्यावा लागला. 'सहसा' हा शब्द मात्र मास्तर घरी घेऊन आले. घरी आल्यावर त्यांनी पायमोजा घेतला, त्यात दुसऱ्या पायमोज्याची सुरळी घातली, तारेची कडी करून आत उघडून पाहिली, नळाखाली धरली. सुरळी वाहून मोरीत गेली. पुन्हा केलं. पुन्हा गेली.

"तुम्ही गळ्याचं ऑपरेशन करून घेताय की मोज्यांचं?" बायको दारातून म्हणाली. मग आत आली, त्यांच्या हातातून ओला मोजा घेतला आणि पिळला. "नको वाटत असेल तर नाही म्हणा. मी काही बोलणार नाही."

"नको नाही वाटत." मास्तरांनी हात पुसले. "हात गेला तर काय, ते कळतंय मला. बोलणं गेलं तर तुझी सोय होईल. पण टाक्याशिवाय एखादी गोष्ट टिकते, हे मला कुणी आधी सांगितलंच नाही ना. ते बघायचंय."

"तुमच्या गळ्याच्या आत? कसं बघणार?"



उजवी बाही

टेबल थंड होतं. डोकं दोन्ही बाजूंनी उशांत बसवलेलं. मांडीच्या सांध्याशी बधिर केलेलं, तिथं कुणीतरी काही ओढत-ढकलत होतं, पण ते शेजारच्या घरात चालल्यासारखं. मास्तर पूर्ण जागे होते. सिस्टरनं त्यांच्या उजव्या हातात रबराचं पिवळं बदक दिलं.

"हे कशाला?"

"मधून मधून दाबत राहा. वाजलं पाहिजे. लाजू नका, इथं भलेभले दाबतात."

मास्तरांनी दाबलं. च्यूं.

"आणि बोलत राहा," पडद्यामागून डॉक्टरबाई म्हणाल्या. "काहीही. तुमच्या कामाचं सांगा. उत्तर द्यायला जमणार नाही, पण मी ऐकतेय."

"काय सांगू? कोटाचं अस्तर सांगतो. लोकांना वाटतं, अस्तर म्हणजे कोटाचा धाकटा भाऊ, कोटापेक्षा लहान. तसं नाही. अस्तर कोटापेक्षा मोठं बेतायचं. अगदी मापात बेतलं की फसलं. च्यूं. पाठीच्या मधोमध एक चुणी सोडायची, वरपासून खालपर्यंत. बाहेरून कुणाला दिसत नाही. पण माणूस वाकला, कुणाच्या पाया पडला, लेकराला उचललं, की ती चुणी उघडते. च्यूं. चुणी नसली तर पहिल्याच मिठीत अस्तर फाटतं. आमच्याकडं असे कोट येतात दुरुस्तीला. मी विचारत नाही कुणाला मारलीस मिठी."

सिस्टर हसली.

"जाळी जागेवर आलीय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "उघडतेय. आता ती नीट बसवायला आतून एक बारीक फुगा फुगवते. गळ्यात दाब जाणवेल. थांबू नका."

"जाणवतोय. तर मग बाह्या. बाहीचं अस्तर उलटं करून आत सोडायचं. च्यूं. उलटं करून आणि खांद्यापाशी जुळवायचं, शिवण शिवणीवर. मशीन तिथं चालत नाही. तिथं हातानं. हातानं घ्यायचं, ते बारीक, ते घ्यायचं आणि दोरा. दोरा त्याच्या. त्याच्या पाण्यात. नाही. बाही पाणी. ते टोच. बाही बाही

"

आत शांतता नव्हती. मास्तरांना सगळं दिसत होतं. दोन बोटांत धरायची ती वस्तू दिसत होती, तिचं टोक, तिचं भोक, तिच्यावर चमकणारा उजेड. फक्त तिला काय म्हणतात ते उसवून गेलं होतं. त्यांनी दोरा पाहिला, त्याचंही नाव गेलेलं. हे कसं काय, असं त्यांना वाटलं. भीती त्यानंतर येत होती, लांबून, सावकाश. आधी आलं ते नवल. वस्तूंना नावं टाचून ठेवलेली असतात तर. काढताही येतात.

"मास्तर, बदक दाबा."

बदक कुठंतरी होतं. कुणाच्या तरी हातात.

"मास्तर. दाबा."

"ठोके खाली येतायत," सिस्टर म्हणाली.

"हवा काढा. काढा लगेच. मास्तर, ऐकू येतंय? दाबा."

बदक वाजलं नाही.

कुणीतरी त्यांच्या दंडाच्या सलाईनमध्ये काही सोडलं. मास्तरांनी त्या लांबच्या हाताकडं जायला सुरुवात केली. तो हात त्यांनीच शिकवला होता. त्याला कातरी धरायला शिकवलं होतं, खडू धरायला, त्याच हातानं टेपही कापली होती. तो उगाच दुसऱ्याचा कसा होईल?

च्यूं.

अगदी बारीक. मग पुन्हा, मोठ्यानं. च्यूं. च्यूं.

"शाबास," डॉक्टरबाईंच्या आवाजातून श्वास सुटल्याचं ऐकू आलं. "काहीतरी बोला."

"सुई," मास्तर म्हणाले.

"काय?"

"सुई. सुई म्हणायचं होतं मला. किती वेळ समोरच होती."

नंतर डॉक्टरबाईंनी चित्राचा पडदा मास्तरांकडं वळवला. रंगाचं औषध सोडल्यावर काळं दिसणारं रक्त डाव्या नळीतून सरळ वर गेलं, मध्ये कुठंही न वळता. खिशाकडं गेलंच नाही.

"आणि नाणं?"

"तिथंच राहील. हळूहळू वाळेल, आकसेल. आता त्यात भर पडणार नाही."

मास्तर पाहत राहिले. चार-पाच ठोके सलग पाहिले त्यांनी. अस्तर सरकलं नाही.

अस्तर

गळा शांत झाला. बायको रोज सकाळी चहाआधी दोन बोटं लावून बघायची आणि काही न बोलता कप पुढं करायची. गाठ उतरत गेली तसं शर्टचं बटण एकेक पायरी मागं आलं. आधीच्या टाक्यांची बारीक भोकं पट्टीवर ओळीनं राहिली.

दोन गोळ्या मागं लागल्या, रक्त साकळू नये म्हणून. एक काही महिने, एक कायमची. "शिंपी आहात," डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. "सुई टोचली तर रक्त लवकर थांबणार नाही. घाबरू नका, घट्ट दाबून धरा. आणि शक्यतो टोचून घेऊ नका."

शक्यतो!

कापडाच्या वर उजव्या हाताची बोटं सुई ढकलतात. खाली डाव्या हाताचं पहिलं बोट तिची वाट बघत असतं. सुईचं टोक कापडातून निघून त्या बोटाला जेमतेम लागतं, तेव्हा कळतं की टाका पार झाला, आणि किती खोल झाला. ते बोट दर टाक्याला नकळत टोचून घेतं. मास्तरांच्या त्या बोटाला खवल्यासारखी कातडी होती आणि तिच्या खाली त्यांची सगळी विद्या. त्यांच्या गुरूनं बोटात घालायची पत्र्याची टोपी, ते अंगुस्तान, दुकानात ठेवूच दिलं नव्हतं. "टोपी घातलेलं बोट आंधळं," असं तो म्हणायचा, आणि मास्तरांनी ते पुढं शिकायला आलेल्या सगळ्यांना ऐकवलं होतं.

काजवाल्याच्या कोटाला त्यांनी साईच्या रंगाचं अस्तर बेतलं. मोठं बेतलं, चुणी सोडली. मशीनवरचं काम झालं. मग कॉलरखाली हातशिलाई सुरू केली, आणि काही टाक्यांतच खालच्या बोटानं सुई नेहमीपेक्षा जरा जास्त घेतली.

रक्त आलं. येत राहिलं. त्यांनी बोट दाबून धरलं, सोडलं, पुन्हा आलं. कॉलरच्या बरोब्बर खाली साईवर लाल ठिपका पडला होता.

शिंप्याच्या रक्तावर शिंप्याचीच थुंकी, हा धंद्यातला जुना उतारा. मास्तरांनी पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा तोंडात घोळवून ओला केला आणि ठिपक्यावर टिपला. ठिपका फिका झाला. तोवर बोटातून दुसरा थेंब तिथंच पडला. त्यांनी पुन्हा दोरा चावला. काजवाला कोपऱ्यातून बघत होता आणि बघत नसल्याचं दाखवत होता.

बायको उठली. पेठेतून आल्यावर तिनं मास्तरांच्या पुढ्यात दोन चकचकीत अंगुस्तानं ठेवली.

"दोन कशाला?"

"एक ढकलायला, एक झेलायला."

"मी घालणार नाही."

"नका घालू. मी घालते आणि मीच लावते अस्तर." तिनं कोट ओढला.

मास्तरांनी कोट परत ओढून घेतला.

पहिल्या दिवशी टाके आंधळे पडले. काही वरून दिसले, काही अस्तरातच राहिले. त्यांनी सगळे उसवले. दुसऱ्या दिवशीही उसवले. काजवाला म्हणाला, "मास्तर, माझी नात लग्नाची होईल तोवर होईल ना?"

"तुला नात नाही."

"तेच म्हणतोय."

तिसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, मशीन बंद होती, आणि मास्तरांना एक आवाज ऐकू आला. टिक. सुईचं टोक कापडातून निघून पत्र्याला लागत होतं. ते थांबले. पुन्हा टाका घातला. टिक. जरा वरचा टाका घातला, आवाज आला नाही. खोल घातला, आवाज जड आला.

"गप्प बसा दोघं," मास्तर म्हणाले.

"आम्ही कुठं बोललो?" बायको म्हणाली.

"मग श्वास हळू घ्या."

बोटाला जे दिसायचं, ते कानाला थोडं थोडं ऐकू येऊ लागलं. तितकं नाही. तितकं ते पुन्हा कधी येणार नव्हतं, आणि हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. पण टाका पार झाला की नाही, एवढं कळत होतं. त्या संध्याकाळपर्यंत कॉलर पुरी झाली. टिक. टिक. टिक.

दोन बोटं

काजवाल्यानं कोट घालण्याआधी तो उलटा करून पाहिला. कपड्याचं आतलं तो आधी बघायचा, ती त्याची सवयच. कॉलरखालच्या तांबूस डागावर त्याचा अंगठा थांबला.

"हा कसला?"

"माझा. गेला नाही पुरता. बदलून देतो अस्तर."

"बदललंस तर बघ." त्यानं हात बाह्यांत घातले. "आधीच इतके महिने उघडा फिरलोय."

कोट बसला. पाठीवर सुरकुती नाही, खांदे खांद्यांवर. काजवाल्यानं आरशात पाहिलं आणि बराच वेळ त्याला विनोद सुचला नाही. मग त्यानं स्वतःच केलेल्या काजांतून बटणं लावली, एकेक, वरपासून. सगळ्यात वरचं लावलं आणि मान ताठ केली.

"बघ. गळ्याला कसा आहे?"

मास्तरांनी उजव्या बोटातलं अंगुस्तान काढलं. डाव्या बोटातलं काढलं. दोन्ही टेबलावर कातरीशेजारी ठेवली. मग कॉलरच्या आत दोन बोटं सरकवली.

"घट्ट आहे का?"

"नाही."

"मग?"

"बोलू नकोस."

काजवाला गप्प उभा राहिला. त्यानं गिळणंसुद्धा थांबवलं. मागं बायकोनं मशीनवरचा पाय उचलला. कॉलरच्या आत, दोन बोटांखाली, नाडीचा धावदोरा चालला होता, बारीक, शिस्तीत. मास्तर मान किंचित कलती करून तो ऐकत राहिले.